पासंग

९ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद लिहिणार होतो, पण तू तो ठेवून घेशील की परत पाठवशील याची खात्री नाही, म्हणून नुसती हाक मारतो. आपण बोललो त्याला दोन वर्षं दोन महिने झाले. मला तुझ्याकडून काही नको आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पत्र फाडायची तुला घाई नको.

इकडचं सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे. आपले वडील तर तापाने फणफणलेले असतानाही 'ठीक' लिहायचे. मी लिहीत नाही. कारखाना बंद पडल्यावर पहिलं वर्ष मी निवेदनांत आणि सभांत घालवलं, तो पुन्हा उघडेल असं लोकांना सांगत राहिलो. पुढचे चौदा महिने काम शोधतोय. चौपन्न वर्षांच्या माणसाला 'नाही' म्हणायच्या किती तऱ्हा असतात यावर मी आता दोन तास बोलू शकेन. ऐकायला कुणी नाही, एवढीच अडचण.

परवा एका गोदामात मुलाखत होती. प्लॅस्टिकच्या बादल्या, टब, झाकणं. समोरचा व्यवस्थापक माझ्या निम्म्या वयाचा.

"काका, तुमची जमेची बाजू काय?"

म्हटलं, "पन्नास ग्रॅमची दोन वजनं दोन तळहातांवर ठेवा. एक ग्रॅमचा फरक असला तर डोळे मिटून सांगतो."

"आमच्याकडे डिजिटल आहे."

"तो बिघडला तर?"

"तर दुसरा डिजिटल आहे." मग त्याने कागदात बघून विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"एकोणसाठाव्या वर्षात. तुम्ही?"

त्याने दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "इथून बाहेर." आम्ही दोघेही हसलो. काम मिळालं नाही. अर्जात 'आधीची नोकरी सोडण्याचे कारण' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'कारखाना बंद पडला.' एवढंच लिहायला जागा होती.

बाहेर थांबलेल्यांसाठी एक बाक होतं. त्याचा एक पाय आखूड, आणि सहा जण त्यावर आपलं नशीब सांभाळत हलत होते. खिशात आदल्या आठवड्याचं नकाराचं पत्र होतं. त्याची चौघडी केली आणि पायाखाली सरकवली. बाक थांबलं. एक बाई म्हणाली, "वा, तुम्ही सुतार का?" म्हटलं, "नाही हो, तराजूवाला." आपल्या कारखान्यातल्या माणसाला डुगडुगणारं काहीही बघवत नाही, तुला काय सांगायचं.

आता एक गुन्हा कबूल करतो. अकरा वाजता आमच्या पुढच्या खोलीत ऊन येतं. आधी कपाटावर, मग तुझ्या वहिनीच्या शिलाई मशीनवर, मग भिंतीवरून सरकत मी ज्या टेबलावर हे लिहितोय तिथपर्यंत. हे मला माहीतच नव्हतं! एकतीस वर्षं या घरात रोज अकरा वाजले आणि मी एकदाही हजर नव्हतो. रविवारी असतो म्हणावं, तर रविवारी सभा. कामगाराला पगार दिला, बोनस दिला, रजा दिली म्हणून मिरवणाऱ्या कुठल्या मालकाने त्याला त्याच्या घरातले अकरा कधी दिलेत? यावर मी कधीच बोललो नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं की हे आमच्याकडून घेतलं गेलंय.

काल मी त्या उन्हात पाय पसरून बसलो होतो. तुझी वहिनी कापड कापायचं थांबली.

"सभा कुणाची चाललीय?"

"उन्हाची."

"ठराव काय झाला?"

"पाय गरम झाले."

ती हसली नाही. तिने कात्री उचलली. शाळेच्या गणवेशाचे शंभर शर्ट तिला शनिवारी द्यायचे आहेत आणि घर सध्या त्या शर्टांवर चालतं. ऊन दहा मिनिटांत टेबलावरून उतरलं. ते उतरलं की खोलीत मी उरतो, आणि मला मी उरलेला चालत नाही.

तुझा,
थोरला


२ फेब्रुवारी

धाकट्या,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे.

औषधांच्या एका कंपनीत तोलणारा माणूस हवा आहे. मोठी पोती यंत्रावर जातात, पण काही भुकट्या इतक्या थोड्या लागतात की त्या अजून हाताने, दोन पारड्यांच्या काट्यावर तोलतात. काचेच्या कपाटातला काटा, चिमट्याने उचलायची वजनं. मी तो बघितला आणि मला जुना मित्र भेटल्यासारखं झालं. तिथल्या बाईंनी मला काटा लावायला सांगितला. मी श्वास रोखून लावला. त्या म्हणाल्या, "असा हात मी आमच्या सरांनंतर आज बघितला." सगळं जमलं होतं. मग म्हणाल्या, "तुमच्या वरिष्ठांचं पत्र आणा. वीस तारखेपर्यंत."

माझा वरिष्ठ तू. लहान भाऊ थोरल्याचा साहेब झाला तेव्हा सगळा कारखाना हसला होता, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. सहा वर्षं मी काटा लावायचो, तू तपासायचास आणि ठप्पा मारायचास. दोनदा तू माझं काम परत पाठवलंस. दोन्ही वेळा चूक माझी होती. हे तेव्हा मी कबूल केलं नव्हतं, आज करतो, कारण आज मला गरज आहे. बघ, माणूस किती स्वस्तात खरं बोलायला लागतो.

तुला त्रास नको म्हणून मसुदा मीच करून ठेवलाय: 'सदर इसमाने माझ्या हाताखाली सहा वर्षे काम केले. त्याने लावलेला काटा ग्राहकाकडून कधी परत आला नाही. स्वभावाविषयी विचारू नये.' शेवटचं वाक्य तुला हवं असेल तर ठेव.

पत्राची वाट बघताना मी वाचनालयात जाऊन बसतो. तुला आठवत असेल, मी पुस्तक वाचायचो ते लाल पेन्सिल घेऊन. वाक्य सापडलं की खूण, खूण झाली की भाषणात. जन्मभर मी पुस्तकांतून दारूगोळा उचलला. आता भाषण नाही, तेव्हा काय वाचायचं तेच कळेना. ग्रंथपाल म्हणाले, "हे कुणी नेत नाही," आणि शेवाळावरचं एक जाडजूड पुस्तक पुढे केलं. शेवाळ! चारशे पानं! पहिल्या दिवशी मी ते चीड येऊन वाचलं. चौथ्या दिवशी भिंग मागितलं.

शेवाळाला मूळ नसतं, धाकट्या. ते नुसतं धरून ठेवतं. वाळून कोळ झालं तरी महिनोन्महिने मरत नाही, थेंबभर पाणी मिळालं की दोन मिनिटांत हिरवं. काल रोजगार कार्यालयाच्या मागच्या भिंतीशी रांगेत उभा होतो. रांग पुढे सरकली, मी नाही. मागचा ओरडला, "अहो आजोबा, भिंतीत काय देव दिसला का?" मी तोंडातल्या घोटभर पाण्याने भिंत भिजवत होतो. दोन मिनिटांत हिरवी झाली. मला वेड्यासारखा आनंद झाला, आणि लगेच लाज वाटली. ज्या रांगेत लोक आपली कागदपत्रं छातीशी धरून उभे आहेत तिथे एक माणूस भिंतीवर चुळा टाकून खूश होतोय.

वीस तारीख लक्षात ठेव.

थोरला


२७ फेब्रुवारी

वीस तारीख गेली. एकवीसला मी त्या बाईंकडे रिकाम्या हाताने गेलो. त्या म्हणाल्या, "दोन दिवस अजून थांबते." त्या थांबल्या. तू नाही पाठवलंस. पंचवीसला त्या जागेवर दुसरा माणूस बसला.

काल दिवसभर मी तुला मनातल्या मनात भाषण ठोकलं. तुला काय काय म्हणालो ते इथे लिहिणार होतो. तीन पानं झालीही होती. तुझी वहिनी पाठीमागून आली, वाचलं आणि म्हणाली, "पाठवा. ती वाचून दाखवेल त्याला."

"कोण ती?"

"जाऊबाई. तो तुमची पत्रं हातात धरत नाही. ती मोठ्याने वाचते. तो ऐकतो आणि उठून जातो."

"तुला काय माहीत?"

"आम्ही लिहितो एकमेकींना. दोन वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं की ठराव होतो, मग त्याच्यावर चर्चा होते, मग कुणीतरी सभात्याग करतं. आम्हाला बायकांना नुसती खुशाली हवी होती."

ती तीन पानं मी फाडली.

तर धाकटे, हे तू वाचतेयस. त्याला खोलीबाहेर जाऊ देऊ नकोस. दाराशी बस.

धाकट्या, त्या दिवशी गेटवर मी तुला जो शब्द वापरला त्याबद्दल मला बोलायचं आहे. रिकाम्या तराजूची पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला दोऱ्याने खिळा, खडा, काहीतरी बांधतात, तो पासंग. आमच्या कारखान्याला त्या शब्दाचीच चीड होती. आमचा काटा पासंगाशिवाय समतोल उभा राहायचा, तोच आमचा अभिमान. मी तीनशे माणसांसमोर तुझ्याकडे बोट केलं आणि म्हणालो, "हा बघा मालकाच्या पारड्याला बांधलेला पासंग!" काय टाळ्या पडल्या! तू कचेरीच्या पायऱ्यांवर उभा होतास. शब्द चिकटला. तुझ्या मुलीला शाळेत पासंगची पोर म्हणायला लागले, हे मला तू गाव सोडल्यावर कळलं. त्याआधीच ती माझ्याकडे एकदा आली होती, तुला ठाऊक नसेल. तिने विचारलं होतं, "काका, पासंग म्हणजे वाईट असतं का?" मी तिला शास्त्रीय व्याख्या सांगितली.

मला वाटलं होतं, तू विकला गेलास. तेव्हा तरी असंच वाटलं होतं. एवढं समजून घे.

या महिन्याचा गुन्हा: मी बटणं लावतो. तुझी वहिनी शर्ट शिवते, मी समोर बसून बटणं. आधी ती तळहातावर घेऊन निवडतो, त्यांतली हलकी कळतात, ती कच्ची असतात, दुसऱ्या धुण्यात फुटतात. ती म्हणते, "ही निवड बरी करता, माणसांची कधी जमली नाही." मग ती मशीन चालवताना गुणगुणते. धाकट्या, ही बाई गुणगुणते! एकतीस वर्षांच्या संसारात मला पत्ता नव्हता. कुठलंही गाणं नाही, नुसता मशीनच्या लयीवरचा सूर. मी बघतोय हे लक्षात आलं की थांबते. म्हणून मी वर बघत नाही. बटणाच्या चार भोकांकडे बघत ऐकतो.

थोरला


१५ मार्च

धाकटे, हे पत्र मोठ्याने वाचू नकोस. पुढची ओळही नको. घडी घाल आणि त्याच्या हातात दे. मोठ्याने बोललेल्या गोष्टींनीच आपल्या घराचं वाटोळं झालंय.

धाकट्या,

आजचं अक्षर वाकडं आलं तर वय झालं असं समजू नकोस. टेबल हलतंय. का हलतंय ते सांगण्यासाठीच लिहितोय.

परवा सकाळी ओतारी आला. आपल्या भट्टीवरचा, लोखंडाची वजनं ओतायचा तोच. दारातूनच गरजला, "पुढारी, उठा! काम आणलंय!" त्याने, काटे बसवणाऱ्या चष्मेवालीने आणि आणखी तिघांनी मिळून जुने तराजू दुरुस्त करायचं दुकान काढलंय. शाळांच्या प्रयोगशाळा, सराफ, औषधवाले, जिथे जिथे हाताचा काटा उरलाय तिथलं काम त्यांच्याकडे येतं. त्यांना काटा लावणारा हवाय.

"मला पत्र लागेल वरिष्ठांचं," मी म्हणालो. थट्टेने.

"तुमच्याकडे पत्र मागणाऱ्याची जीभ झडेल," ओतारी म्हणाला. "तुम्ही नसता तर आम्ही मान खाली घालून घरी गेलो असतो. हरलो, पण उभे राहून हरलो."

तुझी वहिनी आत स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला. ती बाहेर आली नाही, पण भाजी जळल्याचा वास आला. तिच्या हातून कधी काही जळत नाही.

काल मी दुकान बघायला गेलो. एक लांब खोली, उत्तरेकडे खिडक्या, म्हणजे काट्यावर सावली पडत नाही. ओळीने बाकं. तेलाचा, पितळ घासायच्या पावडरीचा वास. त्यांनी मला माझी जागा दाखवली. तिथे एक काटा वाट बघत होता, आणि वजनांची एक जुनी पेटी. एक वजन हलकं भरत होतं. मी ते उलटं केलं, बुडाच्या भोकात शिशाचा कण ठोकला, पुन्हा तोललं. काटा मधोमध थांबला. त्या दोन मिनिटांत मी जितका सुखी होतो तितका तरुणपणीही नव्हतो.

मग मान वर केली. समोरच्या भिंतीवर चौकटीतला मोठा फोटो. गेटवरचा. मी टेबलावर उभा, हात वर, तोंड उघडं. खाली माणसं. पुढच्याच ओळीत पॅकिंगमधला हसरा, तो संप सुरू झाल्यावर सातव्या महिन्यात गेला. औषधं परवडेनात म्हणून त्याने आजार घरात सांगितलाच नव्हता. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको म्हणाली होती, "शेवटपर्यंत म्हणायचे, पुढारी आहे ना, उघडेल."

चष्मेवाली माझ्या शेजारी आली. "छान आलाय ना? रोज कामाला लागताना बघतो आम्ही."

फोटोत टेबलाच्या पुढच्या डाव्या पायाखाली काहीतरी पांढरं दिसत होतं. कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं छोटं.

आज तुझी वहिनी शर्ट पोचवायला गेली, तेव्हा मी हे टेबल कलतं केलं. संघटनेची कचेरी रिकामी करताना मी ते घरी आणलं होतं. पायाखालचा कागद लाकडाला चिकटून बसला होता. सुरीने सोडवला. तो इथे माझ्यासमोर आहे. तुझंच अक्षर, सरळ, एकही ओळ वरखाली नाही:

'मालकाला संप हवाच आहे. कारखान्याची जागा विकली गेली आहे, कागद मी पाहिले. आज बसलात तर उद्या कुलूप लावायला त्याला कारण मिळेल. आठ दिवस थांबा. मी कागदाची नक्कल मिळवतो.'

तू स्वतः खाली आला होतास. माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, "आधी वाच, मग चढ." मी वाचलं. मागून कुणीतरी विचारलं, "काय म्हणतोय भाऊ?" मी टेबलावर चढलो. टेबल डुगडुगलं. तीनशे तराजूवाले बघतायत आणि त्यांचा पुढारी डुगडुगत्या टेबलावर! मी उतरलो, चिठ्ठीची चौघडी केली, पायाखाली सरकवली, पुन्हा चढलो. टेबल स्थिर झालं. आणि मग मी तुझ्याकडे बोट केलं.

मागच्या पत्रात लिहिलं, मला वाटलं तू विकला गेलास. नाही वाटलं. तू उभ्या आयुष्यात खोटी नोंद केली नाहीस. तुझं अक्षर बघितलं त्याच क्षणी मला सगळं खरं वाटलं होतं.

पण भाषण तयार होतं.

दुसरं कारण मी दोन वर्षं शोधतोय. त्यांना फूट पडलीय असं वाटलं असतं, धीर खचला असता, असली पुष्कळ सापडली. बोलणाऱ्या माणसाला कारणांचा तुटवडा नसतो. खरं एवढंच की पहाटे उठून तयार केलेलं भाषण मला गिळवेना. आठ दिवस! तीनशे माणसांना आठ दिवस घरी पाठवायला एक वाक्य लागलं असतं, आणि त्या वाक्याला टाळ्या पडल्या नसत्या. 'कारखाना बंद पडला' असं मी अर्जात लिहितो. पडला नाही. मालकाला तो पाडायचाच होता, मी दार उघडून दिलं.

सोमवारपासून ये म्हणालेत. मला हे काम हवं आहे, धाकट्या. इतकं मला काहीच कधी हवं नव्हतं. गप्प बसलो तर मिळतं. आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प बसायचे पैसे मिळणार आहेत, आणि तुझं नाव मात्र पासंगच राहणार आहे.

तुझा सल्ला मागत नाही. एकदा दिला होतास.


२४ मार्च

धाकट्या,

हे धाकटीने मोठ्याने वाचलं तरी चालेल. सगळ्यांना कळून झालंय.

सोमवारी मी वेळेवर गेलो. नवी पिशवी, डबा. तुझ्या वहिनीने शर्टाला कडक इस्त्री केली होती. निघताना म्हणाली, "आता उन्हाला कोण बसणार?" हसून म्हणाली. ते हसू मी जाताना बरोबर नेलं आणि वाटेत दोनदा परत फिरलो.

पाचही जण चहा पीत होते. मी बसलो नाही. म्हटलं, "मला दोन मिनिटं बोलायचंय." ओतारी ओरडला, "झालं! पहिल्याच दिवशी सभा!" सगळे हसले. मी खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचून दाखवली. वर काही जोडलं नाही. फक्त फोटोतलं ते पांढरं बोटाने दाखवलं.

ओतारी फोटोजवळ गेला. नाक लागेल इतका जवळ.

चष्मेवालीने विचारलं, "तुम्हाला ते खरं वाटलं होतं का?"

एवढंच विचारलं. बघ, किती नेमका प्रश्न. काटे बसवणारीचा प्रश्न. 'नाही' म्हटलं असतं तर फसलेला माणूस ठरलो असतो. फसलेल्याला लोक सांभाळून घेतात. माझ्या बाकावर उत्तरेचा उजेड पडला होता आणि पेटीत वजनं ओळीने मांडलेली होती.

"हो," म्हणालो. "वाटलं होतं."

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ओतारी फोटोकडे बघतच म्हणाला, "हसऱ्याला मी अडवला होता. म्हणत होता, आठ दिवस थांबून बघू. मीच त्याला भित्रा म्हणालो." मग तो वळला. त्याच्याकडे बघवेना. "पुढारी," म्हणाला, आणि थांबला. पुढच्या वाक्यात तो शब्द नव्हता. "तुम्ही घरी जा. हात चांगला आहे तुमचा. पण रोज समोर नको."

मी पिशवी उचलली. दारापर्यंत आलो तेव्हा त्याने मागून विचारलं, "त्या पासंगचं... तुमच्या भावाचं खरं नाव काय हो? आम्ही सगळे तेच म्हणत आलो."

मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट. चष्मेवालीने ते एकदा उच्चारलं, मग ओतारीने. धाकट्या, त्या खोलीत तुझं नाव दोनदा घेतलं गेलं. बाकी माझ्याजवळ तुला द्यायला काही नाही.

घरी आलो तेव्हा अकरा वाजले होते. ऊन मशीनवर होतं. तुझ्या वहिनीने घड्याळाकडे बघितलं, मग डब्याकडे. डबा भरलेलाच होता. मी तिला सगळं सांगितलं, उभ्यानेच. तिने ऐकलं आणि मशीन सुरू केलं. त्या दिवशी ती गुणगुणली नाही. आज आठवडा झाला, अजून नाही. मी बटणं निवडून तिच्यासमोर ठेवतो, ती न बघता घेते.

परवा पुन्हा रोजगार कार्यालयाच्या रांगेत उभा राहिलो. 'सोडण्याचे कारण' या रकान्यात मी खरं लिहायला घेतलं. कारकून म्हणाला, "अहो, एवढं नाही लागत. एका शब्दात लिहा." मला एक शब्द सापडला नाही. रकाना कोरा ठेवला. कोरा अर्ज घेत नाहीत, परत दिला. भिंतीवरचं शेवाळ वाळून काळं पडलंय. त्याच्यावर पाणी टाकावंसं वाटलं नाही. मग टाकलं. हिरवं झालं. आनंद झाला म्हणणार नाही, पण बघत उभा राहिलो.

काल तुझी वहिनी आठ दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली. कापड कापत होती. "टेबल हलतंय. कापड वाकडं जातंय. खाली काहीतरी घाला ना."

मी नकाराची तीन पत्रं हातात घेतली आणि पुन्हा ठेवून दिली. ती कशी घालू? आणि तुझी चिठ्ठी आता खाली जाणार नाही. ती मी वर ठेवली आहे, वडिलांच्या फोटोशेजारी. तिला म्हटलं, एक-दोन दिवस सांभाळून घे. तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं मी कशाची वाट बघतोय.

तू लिहावंस असं म्हणायला मला तोंड नाही. शब्द नसतील तर नको. कोरा कागद चौघडी करून पाठव. टेबल हलतंय.